नजरेस पडलं, पदरात पडलं नाही

एप्रिलच्या शेवटी मामांचा फोन आला. मामा यावल तालुक्यात केळी करतात. मला त्यांचा फोन येतो तो सहसा दोनच कारणांनी: घरात कुणाचं लग्न ठरलं म्हणून किंवा मोबाईल बिघडला म्हणून. या वेळी कारण वेगळं होतं.

"आरे भो, ते नो ड्यूज आता दिसतच नाही. तुह्याच कंपनीचं होतं ना ते?"

माझ्याच कंपनीचं होतं. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. मामांनी फेब्रुवारीत एका पतसंस्थेचं सोनेतारण कर्ज फेडलं. फेडल्यावर त्यांना एसएमएसवर लिंक गेली. लिंक दाबली आणि कर्ज फिटल्याचा दाखला फोनवर उघडला. त्यांनी तो मामीला दाखवला, ओट्यावर बसलेल्या दोघाचौघांना दाखवला आणि फोन खिशात ठेवला. एप्रिलमध्ये मृगबागेसाठी टिश्यूची रोपं आणि ठिबकच्या नळ्या घ्यायच्या होत्या, म्हणून ते बँकेत कर्ज मागायला गेले. बँकेने तो दाखला मागितला. मामांनी साहेबांसमोरच लिंक दाबली. समोर आलं: या लिंकची मुदत संपली आहे.

"मामा, तुम्ही तो डाउनलोड केला नव्हता का?"

"दिसत होता ना चांगला! मंग डाउनलोड कशाला करू?"

पतसंस्थेत ते तीनदा गेले. एकदा साहेब रजेवर होते, एकदा सर्व्हर बंद होता. तिसऱ्यांदा दाखला मिळाला, पण तोवर बुक केलेली रोपं दुसऱ्याने उचलली होती आणि लागवड पंधरा दिवस पुढे गेली. मामा मला काही बोलले नाहीत. पण ते पान मी लिहिलं होतं. दाखला दिसेल, पण फोनमध्ये उतरणार नाही, अशी व्यवस्था माझ्या हातची होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. एखाद्याला त्याचीच गोष्ट द्यायची असेल, तर ती नुसती दाखवायची की हातात ठेवायची? आणि हे ठरवायचं कोणी?

*

आधी हे ठरतं कसं ते सांगतो. तुम्ही लिंक दाबता तेव्हा समोरचा सर्व्हर फाईलच्या आधी एक छोटी चिठ्ठी पाठवतो. तिच्यातल्या ओळींना हेडर म्हणतात. एक ओळ सांगते की ही फाईल कसली आहे: पीडीएफ, फोटो, झिप. आणखी एक ओळ असते, तिचं नाव कंटेंट-डिस्पोझिशन. ती सांगते की या फाईलचं करायचं काय. तिथे 'इनलाइन' लिहिलेलं असेल, तर ब्राउझर जमेल तोवर फाईल तिथल्या तिथे उघडून दाखवतो. 'अटॅचमेंट' लिहिलेलं असेल, तर तो ती उघडत बसत नाही, डाउनलोड्समध्ये नेऊन ठेवतो. ओळच नसेल, तर फाईलचा प्रकार बघून आपल्या मनाने ठरवतो.

ही ओळ मुळात वेबसाठी नव्हती, ईमेलसाठी होती. पत्रासोबत आलेला फोटो मजकुरातच दिसावा की खाली वेगळा जोडलेला असावा, एवढाच प्रश्न होता. त्याचा पहिला प्रायोगिक मसुदा 1995 चा, सुधारित 1997 चा. वेबवर ही ओळ कशी वापरायची याचं स्वतंत्र मानक 2011 मध्ये आलं. म्हणजे आज आपले दाखले, मार्कशीट, पावत्या कुठे जाऊन पडतात हे ठरवणारा नियम एका साध्या टपालाच्या प्रश्नातून आलेला आहे.

दरम्यान आणखी एक बदल झाला. पूर्वी ब्राउझरला स्वतःहून पीडीएफ उघडता येत नसे. वेगळं प्लगइन नसेल तर फाईल कॉम्प्युटरवर उतरायची. 2010 च्या शेवटी क्रोममध्ये आणि 2013 मध्ये फायरफॉक्समध्ये पीडीएफ वाचायची सोय आतच आली. सोय चांगलीच होती. पण तिच्यामुळे जी फाईल आपोआप आपल्याजवळ राहायची, ती आता आपोआप नुसती दिसायला लागली.

मोबाईलच्या क्रोममध्ये मात्र बरीच वर्षं पीडीएफ थेट डाउनलोडच व्हायची. आमच्या मीटिंगमध्ये ती अडचण समजली गेली. लोकांच्या फोनमध्ये जागा नसते. उतरलेली फाईल त्यांना सापडत नाही आणि मग आमच्या सपोर्टला फोन येतात. शिवाय लिंक 24 तासांनी बंद केली की सुरक्षितताही सांभाळली जाते. तिन्ही कारणं खरी होती. म्हणून आम्ही पानातच पीडीएफ दाखवणारा व्ह्यूअर बसवला आणि डाउनलोडचं बटण काढलं. डेमोमध्ये सगळ्यांना आवडलं. मलाही आवडलं.

*

यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. 'दाखवली' काय आणि 'डाउनलोड केली' काय, फाईल दोन्ही वेळा तुमच्या फोनवर आलेलीच असते. न येता ती दिसणार कशी? सर्व्हरकडून निघालेला प्रत्येक बाइट तुमच्या डेटा पॅकमधून, तुमच्या पैशाने, तुमच्या फोनपर्यंत पोचलेला असतो. फरक फक्त शेवटच्या पावलाचा. एका वेळी ब्राउझरला सांगितलेलं असतं की दाखव आणि सोडून दे. दुसऱ्या वेळी सांगितलेलं असतं की नाव देऊन जागेवर ठेव.

म्हणजे मामांना आम्ही दाखला नाकारला नव्हता. दाखला त्यांच्या हातापर्यंत गेला होता. आम्ही फक्त मूठ मिटू दिली नाही.

मराठीत हा फरक जुना आहे. नजरेस पडणं वेगळं आणि पदरात पडणं वेगळं. पण 'बघायला मिळालं' असंही आपण म्हणतो, आणि तिथे बघण्यातच मिळणं येतं. मामांचं वाक्य मी आधी अडाणीपणाचं समजलो होतो. नंतर लक्षात आलं की ते साठ वर्षांच्या अनुभवातून आलेलं होतं. कागदाच्या जगात जे वाचायला तुमच्या हातात दिलं, ते हातातच राहतं. रात्रीतून त्यावरची अक्षरं उडून जात नाहीत. दिसणं आणि असणं या दोन गोष्टी आम्ही वेगळ्या केल्या, आणि वेगळ्या केल्या हे त्यांना सांगितलं नाही.

कायद्याला हा फरक चांगला ठाऊक आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात अधिकाराची व्याख्या करताना दस्तऐवजांची पाहणी करणं, टिपणं घेणं, प्रमाणित प्रती मिळवणं आणि डिस्केट, फ्लॉपीसारख्या माध्यमात माहिती घेणं या गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या आहेत. नुसती पाहणी पुरेशी मानली असती, तर पुढचं लिहावं लागलं नसतं. ऑफिसात फाईल उघडून दाखवली आणि मिटून कपाटात ठेवली, की नागरिकाच्या हातात उरते ती फक्त आठवण. आठवणीवर सही नसते.

सातबाऱ्याचंही तसंच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून हा उतारा होतो. महाभूलेखवर तो कोणालाही फुकट बघता येतो, पण तो फक्त माहितीसाठी असतो, कायदेशीर कामाला चालत नाही. डिजिटल सहीचा उतारा 2018 पासून मिळू लागला. त्याला 15 रुपये लागतात, तो उतरवून घ्यायचा असतो आणि तो कामाला चालतो. जमीन तीच, गट नंबर तोच, आकडे तेच. एक बघण्यासाठी, एक दाखल करण्यासाठी. पण तिथे ही गोष्ट स्पष्ट सांगितलेली आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. बघणाऱ्याला आपण फक्त बघतोय हे कळतं.

डिजिटल सहीचा मुद्दा थोडा खोलात सांगण्यासारखा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 मध्ये तिला मान्यता दिली. ही सही म्हणजे कागदावर उमटलेलं चित्र नव्हे. ती फाईलच्या आत, तिच्या बाइट्सवर केलेली गणिती खूण असते. मजकुरात एक अक्षर बदललं तर ती जुळत नाही. पण ती जुळते का हे बघायला मूळ फाईलच लागते. स्क्रीनशॉट चालत नाही, स्क्रीनचा फोटो चालत नाही. क्रोममध्ये पीडीएफ उघडली तर सहीचा चौकोन दिसतो, पण क्रोम ती सही तपासत नाही. म्हणजे या बाबतीत दिसणं हे असण्याच्या जवळपासही जात नाही. ज्याच्याकडे फाईल आहे, त्याच्याकडेच पुरावा आहे.

*

एवढं सगळं कळल्यावर मी ते पान बदललं. व्ह्यूअर काढला आणि सर्व्हरवर 'अटॅचमेंट' अशी ओळ लिहिली. लिंक दाबली की दाखला सरळ उतरेल. आणखी एक सुधारणा केली. आधी सगळ्यांच्या फाईलचं नाव एकच असायचं, 'सर्टिफिकेट'. दुसऱ्यांदा उतरवली की त्यापुढे कंसात एक, मग दोन. शेकडो फाईल्समध्ये आपली कोणती ते कळायचं नाही. मी फाईलच्या नावात खातेदाराचं नाव आणि कर्ज खात्याचा नंबर घातला. मराठी नाव नीट उमटावं म्हणून हेडरमध्ये ते वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं, नाहीतर काही ठिकाणी टक्क्यांच्या चिन्हांची रांग दिसते. तेही केलं. लोकांच्या पदरात त्यांचा दाखला, नावानिशी. बरेच दिवस मी स्वतःवर खूश होतो.

मे महिन्यात गावी गेलो. मामांना नवा दाखला छापून बँकेत द्यायचा होता. तहसील कचेरीजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आम्ही गेलो. उन्हाचा कहर, आत एक कूलर, बाकावर पाचसहा माणसं. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, लिंक टाका व्हॉट्सअॅपवर." मामांनी टाकली. त्याने ती आपल्या कॉम्प्युटरवर उघडली, फाईल उतरली, त्याने फोल्डर उघडून प्रिंट दिली. मी मागून बघत होतो.

फोल्डरमध्ये मामांच्या दाखल्याच्या वर आणि खाली आमच्याच सिस्टिमचे आणखी सात दाखले होते. सात माणसांची पूर्ण नावं, पुढे कर्ज खात्याचे नंबर. उघडायचीही गरज नव्हती, यादीच वाचता येत होती. ती नावं तिथे मी लिहिली होती. बाकी फोल्डरमध्ये आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, बारावीच्या मार्कशीट, पासबुकांची पहिली पानं. स्क्रोल संपत नव्हता.

तुम्हाला कदाचित आठवत असेल, मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती. इंटरनेट कॅफे किंवा किऑस्कवरच्या सार्वजनिक कॉम्प्युटरवर ई-आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसून टाका, असं त्यात होतं. लोक घाबरतील, वेगळा अर्थ काढतील म्हणून ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. सूचना मागे गेली, पण त्या फोल्डरमधल्या फाईल्स कुठेही गेल्या नाहीत. ई-आधारला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल असा असतो. प्रत्येक झेरॉक्सवाल्याला हे तोंडपाठ आहे. नसेल तर तो प्रिंट काढणार कशी?

मी त्या मुलाला विचारलं, हे सगळं पुसत नाहीस का? तो चिडला नाही.

"पुसून कसं चालेल दादा? लोक महिन्याने परत येतात. म्हणतात, मागच्या वेळी काढलं होतं ते दे. त्यांच्याजवळ नसतं ना."

मी गप्प झालो. त्याच्या मनात काही पाप नव्हतं. आमची लिंक एका दिवसात मरते, लोकांचे फोन बदलतात, फॉरमॅट होतात. तालुक्याच्या ठिकाणी लोकांचे कागद महिनोन्‌महिने सांभाळून ठेवणारी जागा कोणती, तर या दुकानातलं डाउनलोड्सचं फोल्डर. कुलूप नसलेली सामायिक ट्रंक.

*

पहिल्या वेळी मी लोकांना कमी दिलं. दुसऱ्या वेळी जास्त दिलं, आणि तेही भलत्याच जागी. दोन्ही वेळी माझा हेतू चांगला होता. मग चूक नेमकी कुठे झाली?

एक सोपं उत्तर आहे: माणसाला विचारा, त्याला ठरवू द्या. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण एवढ्याने भागत नाही. काही वेळा देणाऱ्याने न विचारता ठरवणंच योग्य असतं. उदाहरणार्थ, एखाद्या साइटवर लोक स्वतःच्या फाईल्स चढवत असतील, तर त्यातली एखादी फाईल वरून चित्र आणि आतून प्रोग्रॅम असू शकते. ती ब्राउझरमध्ये त्या साइटच्या पत्त्यावर उघडली, तर तो प्रोग्रॅम साइटच्या नावाने चालतो आणि तुमचं लॉगिन पळवू शकतो. म्हणून अशा फाईल्स इनलाइन न दाखवता अटॅचमेंट म्हणून द्यायच्या, हा आमच्या धंद्यातला साधा शहाणपणा आहे. तिथे मी कोणालाही विचारत नाही आणि मला अपराधीही वाटत नाही.

ते ठरवणं आणि मामांच्या बाबतीत ठरवणं यात फरक काय? मला वाटतं, दोन प्रश्न विचारले की तो दिसतो. धोका कोणाचा आहे, आणि सोय कोणाची आहे? घातक फाईलच्या बाबतीत धोका घेणाऱ्याचा आहे, तो त्याला दिसत नाही आणि ठरवण्यात माझा काही फायदा नाही. मामांच्या दाखल्यात सोय आमची होती: सपोर्टला फोन कमी, डेमो देखणा. किंमत मामांनी मोजली, पंधरा दिवस आणि तीन फेऱ्या. आम्ही आपल्या सोयीला त्यांची काळजी असं नाव दिलं होतं. अटॅचमेंट केलं तेव्हाही तेच. समाधान माझं होतं, नावं आणि खाते नंबर त्या सात जणांचे उघडे पडले.

'पर्याय दिला की झालं' या म्हणण्यातही एक पळवाट आहे. आपोआप होणारी गोष्टच बहुतेकांची निवड ठरते, हे पर्याय देणाऱ्याला पक्कं माहीत असतं. डेस्कटॉपच्या क्रोममध्ये पीडीएफ उघडू नको, उतरव असं सेटिंग आहे. मेनूच्या किती आत आहे ते शोधून बघा. आणि सर्व्हरने अटॅचमेंट म्हटलं असेल, तर नुसतं दाखव, ठेवू नको, असं सांगायची तशी साधी सोय नाही. ज्याला ही भाषा येते तो वाट काढेल. बाकीच्यांसाठी सर्व्हरवर ओळ लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. मी न ठरवता सोडून दिलं, तरी ते माझंच ठरवणं असतं, कारण मग ब्राउझर बनवणारे ठरवतात आणि त्यांना यावल माहीत नाही.

*

त्या दिवशी दुकानातून निघताना मी मामांना म्हणालो, "त्याला सांगा, आपली फाईल पुसून टाक." मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्या मुलाला म्हणाले,

"राहू दे रे. माह्या ध्यानात राहत नाही, तुह्याजवळच राहू दे."

मी बाहेर येऊन त्यांना धोका समजावला. कोणीही नाव बघेल, खाते नंबर बघेल, कधी कोणी गैरफायदा घेईल. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग कुठी ठेवू? मोबाईल दोनदा पडला पाण्यात. तुह्या लिंकमधी एक दिवस राहतं. तू ठेवशीन का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घेणाऱ्याने ठरवावं, असं मी मोठ्या तोंडाने मानत होतो. इथे घेणाऱ्याने ठरवलं होतं आणि ते मला आवडलं नव्हतं. पण त्यांच्यापुढे चांगला पर्याय मीच ठेवला नव्हता.

इतके दिवस मी दाखवणं आणि देणं या दोनच गोष्टींत फिरत होतो. मामा तिसरीच मागत होते: परत मागितलं तर परत द्याल का? देणं हे एकदा करून हात झटकायचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. फाईल माझ्यापाशी सदैव मिळणार असेल, तर ती नुसती दाखवली तरी चालते. झेरॉक्सच्या दुकानात ठेवायची गरजही मग उरत नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरची कल्पना हीच आहे. पण आमच्यासारख्या हजारो छोट्या सिस्टिम आहेत, त्यांचे दाखले तिथे नसतात आणि त्यांच्या लिंका एका दिवसात मरतात.

कामावर परतल्यावर मी तीन बदल मागितले. लिंक मेली तरी त्याच मोबाईल नंबरवर ओटीपी टाकून दाखला पुन्हा कधीही मिळावा. पानावर दोन बटणं असावीत, 'फक्त बघा' आणि 'माझ्या फोनमध्ये ठेवा', आणि खाली एक ओळ: दुकानातल्या कॉम्प्युटरवर असाल तर छापून झाल्यावर फाईल पुसायला सांगा. फाईलच्या नावातून खाते नंबर जावा, फक्त दाखल्याचं नाव आणि तारीख राहावी. दुसरा आणि तिसरा बदल त्याच आठवड्यात झाला. पहिल्याला वेळ लागला, कारण जुने दाखले वर्षानुवर्षं सांभाळायचे तर खर्च येतो आणि तो कोणी करायचा यावर चार मीटिंगा झाल्या. शेवटी सध्या तरी तीन वर्षांपर्यंत, असं ठरलं.

मी मामांना फोन करून सांगितलं. आता दुकानातली फाईल पुसायला सांगितली तरी चालेल, म्हटलं.

"तीन वर्षं ना?" मामा म्हणाले. "मंग तवर राहू दे दोन्हीकडं."